विनाकारण सुगंध

नट्टापट्टा या खात्यात माझी हजेरी पहिल्यापासून कमी. केस कापलेले, नखं त्याहून कापलेली, पर्समध्ये पेन, चार्जर आणि एक स्क्रूड्रायव्हर. लग्नकार्यात जरा काजळ घातलं की मावश्या म्हणतात, "आज कशी मुलीसारखी दिसतेस!" आणि मी ते कौतुक समजून घेते. त्यामुळे यंदाच्या थंडीत वहिनीनं सुगंधी हँडक्रीमचा डबा माझ्या हातात ठेवला, तेव्हा घरात हशा पिकला. गुलाब, लॅव्हेंडर, व्हॅनिला, लिंबू, वाळा. बोटाएवढ्या ट्यूबा आणि प्रत्येकीवर सोनेरी वेलबुट्टी.

हात मात्र खरोखरच उलले होते. पुण्यातली डिसेंबरची कोरडी हवा, सकाळी स्कूटरवरचा गार वारा, रात्री भांड्यांचा साबण. तळहाताच्या कातडीत तेलाच्या ग्रंथीच नसतात. साबणानं ती एकदा कोरडी पडली की बाकीच्या अंगासारखं आतून तेल पाझरून येत नाही, ते बाहेरूनच द्यावं लागतं. क्रीममधलं ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं आणि शिया बटर किंवा व्हॅसलिनसारखा स्निग्ध थर ते पाणी उडू देत नाही. म्हणून हात पुसल्यावर जरासे ओलसर असतानाच लावायचं. इथवर माझी काहीच हरकत नव्हती. पण या सगळ्या कारभारात सुगंधाचं काम काय? काहीच नाही. आणि नेमकं तेच मला अवघडल्यासारखं करत होतं.

आमच्या घरात सुगंधाला नेहमी कारण लागायचं. बोरोलीनची हिरवी ट्यूब कायम फडताळात असे. 1929 सालापासून कोलकात्यात बनणाऱ्या त्या क्रीमला चांगला घमघमाट आहे, पण ते औषध, म्हणून आजोबासुद्धा बिनधास्त लावत. विको टर्मरिकमध्ये चंदनाचं तेल, पण नाव हळदीचं, म्हणजे तेही गुणकारी. उदबत्ती देवासाठी. दिवाळीच्या पहाटे उटणं आणि मोती साबण लावून घरातले सगळे पुरुष गुलाब-चंदनाचे होऊन फराळाला बसत, कारण सण होता. औषध नाही, पूजा नाही, सण नाही, तर मग बुधवारी दुपारी गुलाबाचा वास घेऊन फिरायचं कशासाठी?

गुलाब बायकी, हे तरी कुणी ठरवलं? आमच्याकडच्या लग्नांत दारातच अत्तरगुलाब होई. फेटेवाले काका-मामा हात पुढे करत, मुलगा मनगटाच्या जरा पुढे अत्तराचं बोट ओढी, आणि ते दणकट हात दिवसभर नाकाशी नेले जात. आजोबांच्या कानात हिन्याचा फाया असे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

लॅव्हेंडरच्या ट्यूबेनं तर माझी चांगलीच जिरवली. जांभळी, रिबिनीचं चित्र असलेली ही ट्यूब सगळ्यात नाजूक असणार असं धरून मी ती शेवटी ठेवली होती. उघडली, आणि सलूनचा वास! गरम टॉवेल, दाढीचा फेस, बाबांचा रविवार. याला कारण आहे. 1882मध्ये पॅरिसच्या उबिगां या घराण्यानं 'फुजेर रोयाल' नावाचं अत्तर काढलं. त्यात लॅव्हेंडर होतं, झाडावरच्या शेवाळासारखा ओला वास होता आणि वाळलेल्या गवताची आठवण देणारं कुमारिन होतं. पुढे पुरुषांच्या अत्तरांची, दाढीच्या साबणांची, आफ्टरशेव्हची एक अख्खी शाखा याच मेळावर उभी राहिली. तोच वास ट्यूबेत भरून वर रिबीन काढली की बायकांचा होतो. लिंबाचंही तसंच. लिंबू-संत्र्याच्या जातीच्या ओ द कोलोनचं नेपोलियनला जबर वेड होतं, आणि त्याला कुणी नाजूक म्हटल्याचं ऐकिवात नाही.

व्हॅनिला मात्र मला झेपलं नाही. तासभर आपण बेकरीच्या काउंटरवर ठेवलेलो आहोत असं वाटत राहतं. फुलांच्या वासांना लोक उगाच नावं ठेवतात, खरा गोग्गोड प्रकार हा.

आता जेवणाचा प्रश्न. हे क्रीम ज्यांनी बनवलं ते बहुधा काट्याचमच्यानं जेवत असावेत. आपण हातानं जेवतो, कणीक हातानं मळतो, भाकरी थापतो. दुपारी गुलाब लावून वरणभात कालवला आणि पहिल्या घासालाच कळलं की काही खरं नाही. गुलकंद पानात शोभतो, आमटीत नाही. म्हणून वेळ ठरली ती रात्रीची, ओटा आवरून झाल्यावरची. त्यात एक फायदाही निघाला. लिपस्टिक आपली आपल्याला दिसत नाही, सेंट काही वेळानं आपल्या नाकाला जाणवेनासा होतो. हात मात्र सतत नाकाजवळ येतात. पुस्तकाचं पान उलटताना, चष्मा सारखा करताना वाळ्याची एक झुळूक येते, आणि ती दुसऱ्या कुणापर्यंत पोचत नाही. मिरवणं नको असलेल्या माणसाला इतकी सोयीची चैन दुसरी सापडणार नाही.

आईला यातलं काही पटलेलं नाही. तिच्या माहेरी, कोकणात, भिरंडेल लावतात. कोकमाच्या बियांमधून काढलेल्या तेलाचा तो पांढुरका, घट्ट गोळा. तळव्यावर घासला की अंगाच्या उबेनं पाघळतो. भेगांवर त्याच्यासारखं काही नाही हे मलाही मान्य आहे. वहिनीच्या ट्यूबेवरची बारीक अक्षरं वाचताना त्यात 'गार्सिनिया इंडिका' दिसलं. म्हणजे तेच, आपलं कोकम! आईला दाखवलं तर म्हणाली, "मग एवढे पैसे कसले घेतात?" वासाचे, हे सांगायचं धाडस मला झालं नाही.

त्याच बारीक अक्षरांत लिनालूल, लिमोनिन अशीही नावं असतात. पहिलं लॅव्हेंडरमध्ये भरपूर असतं, दुसरं संत्र्याच्या सालीत. ही सुगंधी द्रव्यं काहींच्या कातडीला सोसत नाहीत, म्हणून युरोपात ती वेष्टनावर छापणं सक्तीचं आहे. 'नैसर्गिक' लिहिलं म्हणजे खाज सुटणार नाही असं नव्हे. भेगांतून रक्त येत असेल तर सरळ बिनवासाचं घ्या किंवा आईचं ऐका.

माझे हात आता बरे आहेत. वाळ्याची ट्यूब संपत आली आहे, लिंबाची स्क्रूड्रायव्हरशेजारी पर्समध्ये गेली आहे. गुलाबाची गायब आहे. बाबांच्या पेपरला दोन दिवस कसला वास येतोय, हे मी अजून विचारलेलं नाही.