‘भागीदार’ नव्हे, कामगार!

लग्नसराई सुरू झाली की दिल्ली, नोएडा, गाझियाबाद आणि गुरुग्राम येथील मंडपांसाठी असंख्य हात राबू लागतात. नवरीचा साजशृंगार करणाऱ्या स्त्रिया, मेंदी काढणारे, छायाचित्रकार, आचारी, सजावटकार. पूर्वी यांना काम ठेकेदार मिळवून देई आणि विसार स्वतःच्या खिशात ठेवी. आज ही जागा मोबाईलवरील ऑनलाइन बाजारपेठांनी घेतली आहे. दलाल नाहीसा झाला, असा गाजावाजा होतो. वस्तुस्थिती अशी की, दलालाचे भांडवल वाढले आणि त्याचा चेहरा तेवढा दिसेनासा झाला.

या बाजारपेठांच्या लांबलचक नियमावलीचे सार थोडक्यात असे : कंपनी केवळ मध्यस्थ, काम करणारा स्वतंत्र ‘भागीदार’. दुखापत, आजारपण, रिकामे दिवस हे सारे भागीदाराच्या वाट्याला. नियम बदलण्याचा अधिकार मात्र एकट्या कंपनीचा! नफ्यात वाटा नाही, निर्णयात मत नाही, असा भागीदार कोणत्या पेढीवर असतो?

या प्रश्नाचे उत्तर गुरुग्रामच्या रस्त्यावर मिळाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये अर्बन कंपनीच्या कार्यालयासमोर सौंदर्यप्रसाधनाचे काम करणाऱ्या शंभराहून अधिक स्त्रियांनी निदर्शने केली. भरमसाट कमिशन, दंड आणि कामावरील असुरक्षितता ही त्यांची गाऱ्हाणी होती. कंपनीला कमिशनचा कमाल दर ३० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आणणे भाग पडले. परंतु डिसेंबरमध्ये नव्या अटींविरुद्ध स्त्रिया पुन्हा जमल्या, तेव्हा कंपनीने आपल्याच ‘भागीदारां’विरुद्ध मनाई हुकमासाठी न्यायालय गाठले. मालक-मजूर नाते नाकारणाऱ्यांनी त्या दिवशी ते नाते स्वतःच उघड केले.

कंपन्यांचे समर्थक म्हणतात, येथे कामाची वेळ निवडण्याचे स्वातंत्र्य आहे. घरभाडे डोक्यावर आणि काम नाकारल्यास दंड, या अवस्थेत ते स्वातंत्र्य कागदावरच राहते. शिवाय, ठराविक मालक नसणे ही काही नवी गोष्ट नाही. मुंबईचा हमाल रोज वेगवेगळ्या व्यापाऱ्याचे ओझे वाहत होता. तरीही १९६९ च्या माथाडी कायद्याने मालक आणि हमाल या दोघांची नोंदणी करणारी मंडळे उभारण्याचा मार्ग खुला केला. मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरण्याचे बंधन मालकावर आले; त्यातून भविष्यनिर्वाह निधी व रजेच्या पगाराची सोय झाली. हे हक्क हमालांच्या संघटित लढ्याने मिळवले.

उलट, २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेली सामाजिक सुरक्षा संहिता अशा श्रमिकांना पारंपरिक मालक-कामगार नात्याच्या बाहेरचे ठरवते. कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कल्याण निधीत द्यावी, असे ती सांगते. पण किमान वेतनाचा हक्क ती देत नाही. कंपनीचा शब्द कायद्याने उचलला आणि वर दानधर्माची पुडी बांधून दिली!

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे : या श्रमिकांना कामगार म्हणून मान्यता, किमान वेतन, एकतर्फी दंडाला बंदी, खाते बंद करण्यापूर्वी सुनावणी, आणि माथाडीच्या धर्तीवर त्रिपक्षीय मंडळे.

साथींनो, आपल्याही घरी मंगल कार्ये होतात. पहाटे पेटी घेऊन दारात येणाऱ्या भगिनीला तारे देऊन निरोप देण्याआधी तिच्या हातात किती पडते, हे विचारा आणि तिला संघटनेचा पत्ता द्या. कामगार चळवळीचे काम त्या उंबरठ्यावरही आहे.