'गुण आला' हा पुरावा नव्हे

"डॉक्टरसाहेब, तुमी काही म्हना, मले त्या पुडीनं गुण आला." चांदूर बाजारात सांधेदुखीच्या रुग्णांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याचे उत्तर एकदा लिहूनच ठेवावे म्हणतो. गुण आला हे मी नाकारत नाही. अशा बेनामी पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. ते पोटात गेल्यावर दोन दिवसांत गुडघा हलका होणारच. पण काही महिन्यांनी चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, तेव्हा त्या पुडीचे नाव कोणी काढत नाही.

तोच माणूस संशोधनाचा विषय निघाला की म्हणतो, "ते प्रयोगशाळेतलं, उंदरांवरचं, फॉरेनचं. आपल्याकडं अनुभव मोठा." माझा वाद या समजुतीशी आहे. अनुभव मोठा खराच, पण तो मोजला नाही, लिहिला नाही आणि दुसऱ्या कशाशी ताडून पाहिला नाही, तर तो फसवतो. संशोधन म्हणजे अनुभवाला हिशेबाची शिस्त लावणे. ही शिस्त परदेशातून आणावी लागत नाही. ती महाडच्या दवाखान्यात, गडचिरोलीच्या झोपडीत आणि आपल्या संत्र्याच्या बागेत पाळली गेली आहे, आणि तिचे फळ आपण रोज खातो आहोत.

विंचू आणि मांत्रिक

विंचू चावलेल्या बहुतेक मोठ्या माणसांना जीवघेण्या वेदना होतात, पण जीव जात नाही. दिवसभरात कळ आपोआप उतरते. मंत्र घाला, कांदा चोळा की नुसते बसून राहा, दहातल्या बहुतेकांना 'गुण' येणारच. मांत्रिकाचे नाव होते ते या आपोआप बऱ्या होणाऱ्यांच्या जिवावर. लहान मूल दगावले, तर मात्र "त्याची वेळ आली होती."

लाल विंचवाचे विष काही जणांच्या, विशेषतः मुलांच्या, थेट हृदयावर जाते. डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाड भागात काम करत होते, तेव्हा हे मृत्यू त्यांच्या डोळ्यांसमोर होत होते. त्यांनी रुग्णाजवळ बसून दर काही वेळाने नाडी, रक्तदाब, घाम, उलट्या, हातापायांचा गारवा यांची नोंद केली. नोंदींतून चित्र उभे राहिले. विषामुळे शरीरात अ‍ॅड्रिनालिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि शेवटी फुप्फुसात पाणी भरून रुग्ण गुदमरतो. मग आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे औषध द्यावे, असा विचार त्यांनी केला. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन नावाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरली. त्यावरचा त्यांचा लेख 1986 मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात आला. आधी गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीसच्या आसपास दगावत, ते प्रमाण पुढे एक-दोनांवर आले.

यात प्रयोगशाळा कुठे आली? विषाने नेमके काय होते आणि प्राझोसिन शरीरात कुठे काम करते, हे आधी प्रयोगशाळांनी शोधून ठेवले होते. खेड्यातल्या डॉक्टरने ती दोन टोके जोडली. एकट्या प्रयोगशाळेला महाडचे मूल दिसले नसते. आणि नुसत्या दवाखान्याला ही गोळी सुचली नसती.

आता आमच्या व्यवसायाबद्दलही बोलतो, नाहीतर वाद एकतर्फी होईल. त्या काळात विंचूदंशावर स्टेरॉइडची आणि अ‍ॅलर्जीची इंजेक्शने सर्रास दिली जात. का? तर 'गुण येतो' म्हणून. म्हणजे मांत्रिकाचा तर्क पांढरा कोट घालून बसला होता. डिग्रीने हा रोग जात नाही, तो मोजणीनेच जातो.

न दिलेल्यांचे काय झाले?

कोणत्याही उपायाबद्दल विचारायचा खरा प्रश्न हा आहे. औषध घेतलेले बरे झाले हे अर्धे उत्तर झाले. न घेतलेले किती बरे झाले, ते कळल्याशिवाय बाकीचे अर्धे मिळत नाही.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत हेच केले. नवजात बाळांचे मृत्यू थांबवायचे तर मोठे दवाखाने, काचेच्या पेट्या आणि तज्ज्ञ हवेत, असे तेव्हा धरून चालत. त्यांनी 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले: बाळाचे वजन करणे, ऊब राखणे, स्तनपान जमवून देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून औषध देणे. शेजारच्या 47 गावांत नेहमीची सरकारी सेवा चालू होती. तिथल्या जन्म-मृत्यूंचीही तितकीच काटेकोर नोंद ठेवली. सुरुवातीला दोन्हीकडे हजार जन्मांमागे साठेक बाळे पहिल्या महिन्यात दगावत होती. तिसऱ्या वर्षी 39 गावांत हा आकडा 25 च्या आसपास आला. 47 गावांत तो साठाच्या घरातच राहिला.

ती 47 गावे मोजली नसती, तर कोणीही म्हणाला असता, "पाऊसपाणी चांगलं झालं असेल, म्हणून मुलं वाचली." तुलना होती म्हणून वाद मिटला. हे निष्कर्ष 1999 मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे देशाच्या कार्यक्रमात उतरले. आज तुमच्या सुनेच्या बाळंतपणानंतर आशाताई घरी येऊन बाळाचे वजन करते, ती या संशोधनाच्या वाटेनेच आलेली आहे. तिला दारातून परत पाठवू नका.

संत्र्याच्या बागेत

आपल्या तालुक्यात संत्रा उत्पादकाला बोर्डो मिश्रण शिकवावे लागत नाही. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. पण ते आले कुठून? फ्रान्समधल्या बोर्डो भागात वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने 1882 मध्ये पाहिले की रोगाने बाग झडली, पण या कडेच्या वेली हिरव्या आहेत. त्याने "गुण आला" म्हणून डंका पिटला नाही. प्रमाण बदलून, फवारलेल्या आणि न फवारलेल्या वेली ताडून त्याने तपासले आणि 1885 मध्ये जाहीर केले.

डिंक्याचेही तसेच. खोडातून डिंक गळतो तेव्हा वाटते, झाडात उष्णता झाली. प्रयोगशाळेने दाखवले की हे जमिनीतल्या फायटोफ्थोरा या बुरशीचे काम आहे आणि पाणी साचलेल्या भारी जमिनीत ती माजते. कारण कळले म्हणून उपाय ठरले: पाणी खोडाला लागू न देणारे दुहेरी आळे, उंचावर डोळा भरलेली कलमे, तग धरणारा रंगपूर लिंबाचा खुंट, खोडाला बोर्डो मलम. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आणि नागपूरची लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आपल्यापासून लांब नाहीत. तरीही आपण सल्ला घेतो तो ज्याला औषध खपवायचे आहे त्याचा.

याची किंमत कधी कधी जिवाने मोजावी लागते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. दोन-तीन कीटकनाशके एकाच पंपात मिसळणे ही आपल्याकडची जुनी सवय. त्या मिश्रणाचा माणसावर काय परिणाम होतो, हे कोणी तपासलेले असते? मग त्या शेतातला मजूरच प्रयोगाचा उंदीर ठरतो, फरक इतकाच की त्याला कोणी विचारलेले नसते.

"म्हणजे आमच्यावर प्रयोग?"

ही भीती खोटी नाही. गरिबांवर न विचारता प्रयोग झाल्याची उदाहरणे जगात आहेत. म्हणूनच आज नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती सक्तीची आहे. तुमच्याकडे असा कागद आला तर वाचून घ्या, प्रश्न विचारा, नको असेल तर नाही म्हणा. हा तुमचा हक्क आहे. मुंबईत प्लेग पसरला तेव्हा हाफकिन यांनी आपली लस 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली होती. तुम्हाला पुडी देणाऱ्याने ती आधी स्वतः किती महिने खाल्ली, हे कधी विचारलेत?

दुसरा आक्षेप: "तुमचे सल्ले रोज बदलतात." बदलतात, आणि ते बदलतात म्हणूनच विश्वास ठेवावा. प्राझोसिनने बावस्करांचे नाव झाले होते, तेवढ्यावर ते थांबू शकले असते. पण नुसते प्राझोसिन आणि प्राझोसिनसोबत विंचवाची प्रतिविष लस, अशी तुलना त्यांनी 70 रुग्णांवर केली. लसीसह उपचार घेतलेले लवकर बरे झाले, आणि 2011 मध्ये त्यांनीच ते प्रसिद्ध केले. आपल्याच उपचाराला पुन्हा परीक्षेला बसवणारा मांत्रिक मला दाखवा.

मग करायचे काय?

कोणी उपाय सांगितला, मग तो मोबाइलवरचा असो, बाजारातला असो की माझा, तीन प्रश्न विचारा. किती जणांना दिला? न दिलेल्यांचे काय झाले? ज्यांना अपाय झाला त्यांची नोंद कुठे आहे? आम्हा डॉक्टरांनी रोजच्या वहीत फक्त फी न लिहिता रुग्णाचे पुढे काय झाले तेही लिहावे. आणि मत मागायला येणाऱ्यांना विचारा, देशाच्या उत्पन्नाचा एक टक्काही संशोधनावर का खर्च होत नाही?

तोवर एवढे पाळा. विंचू चावल्यावर घाम, उलटी, हातपाय गार पडणे यांपैकी काहीही दिसले, तर एक मिनिटही न दवडता सरकारी दवाखाना गाठा. चावलेले मूल असेल, तर लक्षणांची वाटही पाहू नका. मंत्र नंतर म्हणता येईल.