पासवर्ड आहे, प्रश्न कुठे आहे?

कॉलेजची मुलं वाचत नाहीत ही तक्रार आता जुनी झाली. मला मात्र वाटतं, त्यांना वाचायची गरज पडेल असं आपण काही विचारतच नाही.

आमच्या वेळी पुस्तकंच मिळत नसत. आज ती सबब फारशी चालायची नाही. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची 'एन-लिस्ट' योजना २०१० साली खास महाविद्यालयांसाठी सुरू झाली. नोंदणी केलेल्या कॉलेजातल्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना त्यात आपापला पासवर्ड मिळतो. याच केंद्राच्या 'शोधगंगा'वर पीएच.डी.चे प्रबंध फुकट वाचता येतात, मराठीतलेसुद्धा. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला; आता तो कोश मोबाईलवर उघडतो.

तरी पुष्कळांचं गाईडवर भागतं. यात मुलांचा काय दोष? परीक्षेत जे येतं ते गाईडात असतं. ग्रंथालयात गर्दी दिसते ती बहुधा स्पर्धा परीक्षावाल्यांची. पुस्तकं स्वतःची, जागा तेवढी ग्रंथालयाची! काही प्राध्यापकांनाही पासवर्ड आठवतो तो शोधनिबंध लिहायचा असला किंवा 'नॅक'चं मूल्यांकन व्हायचं असलं की.

मग करायचं काय? एक उदाहरण देतो. नरसी नामदेव आपल्या हिंगोली जिल्ह्यातलं. पण नामदेवांच्या जन्मस्थानाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. कुणी आपलं नरसी सांगतात, कुणी पंढरपूर, तर कुणी कऱ्हाडकडचं गाव. मराठीच्या सरांनी वर्गात एवढंच सांगावं, "प्रत्येक बाजूचा पुरावा शोधा, कुठे वाचलं ते लिहा, आणि तुम्हाला काय पटलं ते सांगा."

आता गाईड कामाचं नाही. मुलगा विश्वकोश उघडेल, प्रबंध चाळेल, ग्रंथपालांना जुनं पुस्तक मागेल. सरांनाही आधी स्वतः वाचावं लागेल, हा आणखी एक फायदा! सेमिस्टरच्या घाईत वेळ नाही म्हणता? वर्षाला असा एकच प्रश्न द्या.

आपल्याकडची कितीतरी मुलं घरातली पहिलीच पदवीधर असतात. कुठे शोधायचं आणि किती विश्वास ठेवायचा, हे त्यांना घरी कोण शिकवणार? 'नामदेव आमचेच' असं अभिमानाने म्हणणारं पोर दुसऱ्या बाजूचा पुरावाही शांतपणे वाचायला शिकलं, तर उद्या मोबाईलवर आलेली प्रत्येक गोष्ट ते खरी मानणार नाही. पदवीच्या कागदाइतकंच मोल मला या सवयीचं वाटतं.