काचेच्या पेटीतला समुद्र



"बाई, टाकीत गवत उगवलंय!"

सोमवारी सकाळी वर्गाचं कुलूप काढायच्या आतच खिडकीतून डोकावणारी पोरं ओरडली. आत जाऊन बघते तो काय! आमच्या 'समुद्रा'च्या काचा हिरव्यागार झालेल्या, दगडांवर केसांसारखं लांबलांब शेवाळ, आणि चार माशांपैकी दोन पाण्यावर उलटे तरंगतायत.

ही टाकी म्हणजे आमच्या चौथीच्या वर्गाचा जीव की प्राण. मंडणगड आहे डोंगरावर. समुद्र आमच्याच तालुक्यात, पण त्यासाठी घाट उतरून पार वेळास-बाणकोटपर्यंत जायला हवं. सहलीला गेलो तेव्हा दोन कॅन भरून खारं पाणी आणलं, चार दगड, खडकांतल्या डबक्यातले बोटाएवढे मासे आणि दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड करून राहणारा एक खेकडा. बुडबुडे सोडणारा पंप लावला. झाला समुद्र तयार!

मग घोटाळा झाला कुठे? आम्ही शोधायला बसलो.

"शनिवारी माशांना खाऊ कोणी कोणी घातला?" मी विचारलं. आधी कोणी बोलेना. मग मागच्या बाकावरची एक मुलगी रडतच उठली, "बाई, मी फक्त एक चिमूट टाकली." तिच्यामागून दुसरा उठला, तिसरा उठला. फळ्यावर रेघा मारत गेले, तर भरल्या एकोणीस चिमट्या! प्रत्येकाची एकच, आणि प्रत्येकाची मायेनंच टाकलेली. मी कोणाला रागावले नाही. का, ते पुढे कळेलच.

माशांनी न खाल्लेला खाऊ तळाशी कुजतो. त्यातून अमोनिया होतो, आणि पाण्यातले जिवाणू त्याचं रूपांतर नायट्रेटमध्ये करतात. नायट्रेट म्हणजे शेवाळाचं खतच. शेतात युरिया टाकल्यावर भात कसा तरारतो, तसंच हे. त्यात टाकी ठेवलेली पूर्वेच्या खिडकीत. खत आणि ऊन, दोन्ही फुकट! दिवसा शेवाळ प्राणवायू तयार करतं, पण रात्री तेही तुमच्याआमच्यासारखा नुसता प्राणवायू घेतच राहतं. रविवारी रात्री लाईट गेली, पंप बंद पडला. पहाटेपर्यंत माशांच्या वाट्याला प्राणवायू उरला नाही.

आता माझी चूक ऐका. टाकीतलं पाणी आटलं की मी कॅनमधलं खारं पाणी ओतायची. वाटायचं, समुद्राला समुद्राचंच पाणी हवं. पण उन्हानं पाणी उडून जातं, मीठ मागेच राहतं! मिठागरात तरी दुसरं काय होतं? समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मी दर आठवड्याला त्यात भर घालत होते. आटलेल्या पाण्याची भरपाई विहिरीच्या गोड पाण्यानंच करायला हवी होती. आता सांगा, मी कोणत्या तोंडानं रागावणार?

दुकानात शेवाळ मारायचं औषध मिळतं. ते घेऊ नका. अशा बऱ्याच औषधांत तांबं असतं, त्यानं शेवाळाबरोबर खेकडा आणि शंखातले जीवही मरतात. शिवाय मेलेलं शेवाळ कुजलं की पुन्हा खतच! आम्ही टाकी सावलीच्या भिंतीला नेली. जुन्या टूथब्रशवर शेवाळ शेवयांसारखं गुंडाळून ओढून काढलं. थोडंथोडं पाणी बदलत राहिलो. खाऊ घालायची पाळी लावली : दिवसाला एकच जण आणि दोन मिनिटांत संपेल एवढंच. त्याच खडकांवरचे चार घुलेही आणले. ते शेवाळ खरवडून खातात.

बादलीभर शेवाळ निघालं. "बाई, वहाळात टाकू?" एकानं विचारलं. आमचं शेवाळ इथल्याच समुद्रातलं, त्यानं काही बिघडलं नसतं. तरी मी नाही म्हटलं आणि मोनॅकोची गोष्ट सांगितली.

युरोपात भूमध्य समुद्राच्या काठी मोनॅको हा चिमुकला देश आहे. तिथल्या सागरी संग्रहालयातल्या मत्स्यालयात शोभेसाठी कॉलर्पा नावाचं दूरच्या उष्ण समुद्रातलं सुंदर हिरवं शेवाळ ठेवलं होतं. १९८४ साली त्याच इमारतीखालच्या समुद्रात ते उगवलेलं दिसलं. किती? जेमतेम एक चौरस मीटर. कोणी फारसं लक्ष दिलं नाही. त्याचा तुकडा तुटला तरी नवं रोप होतं, आणि त्यात विषारी द्रव्यं असल्यानं बहुतेक मासे त्याला तोंड लावत नाहीत. काही वर्षांत त्यानं समुद्राचा हजारो हेक्टर तळ व्यापला! २००० साली तेच अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या एका खाजणात सापडलं. तिथल्या लोकांनी मात्र लगेच त्यावर ताडपत्र्या अंथरल्या, खाली क्लोरीन सोडलं. ते पुरतं गेलं असं जाहीर करायला २००६ साल उजाडलं.

आपल्याकडेही कप्पाफायकस नावाचं परदेशी शेवाळ तमिळनाडूत लागवडीसाठी आणलं होतं. ते मन्नारच्या आखातात कुरुसडाई बेटाजवळच्या जिवंत प्रवाळांवर पसरल्याचं शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवून दिलं. प्रवाळ असे झाकले गेले की उजेडावाचून मरतात. कारण त्यांच्या अंगात आणखीच एक सूक्ष्म शेवाळ राहतं आणि ते उजेडावर अन्न करून त्यांना भरवतं. आहे की नाही गंमत? एक शेवाळ पोसतं, दुसरं गुदमरवतं!

पालकांसाठी एक ओळ : 'निमो'चा सिनेमा बघून मुलं घरात प्रवाळांची टाकी मागतात. आपल्या समुद्रातले, अगदी मालवणजवळचेसुद्धा, प्रवाळ कायद्यानं संरक्षित आहेत. काढणं आणि विकणं दोन्ही गुन्हा आहे.

आमचं शेवाळ आम्ही गोड्या पाण्यात धुऊन, कडक वाळवून शाळेच्या माडाच्या आळ्यात टाकलं.

आता तुमच्यासाठी काम. काचेच्या तीन बाटल्यांत वहाळाचं किंवा तळ्याचं पाणी भरा. एक उन्हात ठेवा, एक सावलीत. तिसरीही उन्हातच, पण तिच्यात भाताची चार शितं टाका. पंधरा दिवस रोज बघा आणि कोणती बाटली आधी हिरवी झाली ते मला पत्रानं कळवा. आमच्या वर्गात यावरून पैज लागली आहे, आणि मागच्या बाकावरची ती मुलगी म्हणते, तिसरी!