चिकट पट्टी आणि खानदेशचा उन्हाळा
शाळकरी मुलींना स्वस्तात सॅनिटरी पॅड देणारी अस्मिता योजना महाराष्ट्रात 8 मार्च 2018 रोजी सुरू झाली. किमतीचा प्रश्न तिने हाती घेतला, ते योग्यच; पण पॅड जागच्या जागी राहतं ते मागच्या चिकट पट्टीमुळे. तिथला गोंद वितळवून लावतात. थंड झाल्यावर तो घट्ट होतो आणि उष्णतेने पुन्हा मऊ पडतो. जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. पत्र्याखालच्या साठ्यात तर आणखी तापतं, आणि गोंद मऊ पडला की पॅड सरकतं. मग जास्त चिकट गोंद वापरावा? तो कपड्यावर राहतो, सोलताना पॅड फाटतं. म्हणून खरेदीच्या अटींत उन्हाळी तापमानाची चाचणी हवी, साठ्याला सावलीची खोली हवी. खर्च वाढेल, हा आक्षेप टिकत नाही. सरकणारं पॅड फुकट मिळालं तरी महागच, कारण त्याच्या धास्तीने मुलगी वर्गात उभी राहायलाही कचरते.