रिकाम्या पाड्यावरची सहल

हिवाळ्याची चाहूल लागली की गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील शाळा-महाविद्यालयांच्या सहली जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या डोंगरांकडे निघू लागतात. ‘आदिवासी संस्कृतीचा परिचय’ आणि ‘शेतीजीवनाचा अनुभव’ अशी त्यांची जाहीर उद्दिष्टे असतात. शहरातील मुलांनी डोंगर चढावा, नागलीची भाकरी खावी, तारप्याचा सूर ऐकावा, यात वावगे काहीच नाही. परंतु या सहलींसाठी निवडलेला हंगामच त्यांच्या उद्दिष्टावर पाणी फिरवतो.

भाताची झोडणी आटोपली की डोंगरउतारावरच्या कोरडवाहू जमिनीत दुसऱ्या पिकापुरते पाणी उरत नाही. मुंबईची तहान भागवणारे तलाव याच डोंगरांच्या कुशीत आहेत. तानसाचे पाणी तर १८९२ पासून शहरात येत आहे. धरणाच्या आसपासच्या पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मग सणासाठी घेतलेली उचल फेडण्याकरिता वारली, कातकरी, कोकणा कुटुंबे पोराबाळांसह भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. घाट चढणाऱ्या बसमधील विद्यार्थी ज्या शेतकऱ्याचे जीवन पाहावयास निघालेले असतात, त्याला त्यांनी वाटेतच मागे टाकलेले असते. तो शहराच्या वेशीवर विटा थापत असतो.

पाड्यावर उरतात म्हातारी माणसे. त्यामुळे सहलीचा ‘अनुभव’ डांबरी सडकेलगतच्या पर्यटन-निवासात उरकावा लागतो. जेवणानंतर ठरल्या वेळी नाच होतो. सकाळी कापडी पिशव्यांवर वारली चित्रे काढण्याचा वर्ग भरतो. वस्तुतः वारल्यांचा चौक लग्नाच्या वेळी लिहिला जातो. सवाष्णी तांदळाच्या पिठाने तो घरातल्या भिंतीवर लिहितात, आणि धवलेरी गाणी म्हणून लग्न लावते. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली आणि २०११ मध्ये पद्मश्रीचा मान मिळवला, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्रिकोणांची माणसे काढायला शिकलेल्या विद्यार्थ्याला त्या भिंतीसमोरची जमीन कोणाच्या नावावर आहे, हे कोणी सांगत नाही. मे १९४५ मध्ये झरी येथे जमलेल्या वारल्यांनी वेठबिगार नाकारली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्यास त्यांच्यावर गोळीबार झाला. गोदावरी परुळेकरांनी या लढ्याची हकिकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. त्यांच्या पक्षाशी समाजवाद्यांचे मतभेद जुने असले तरी ते पुस्तक सहलीपूर्वी वाचून घेण्याच्या आड ते येऊ नयेत. २००६ चा वनहक्क कायदा आल्यानंतरही कसत्या जमिनीच्या दाव्यांसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात, हेही आजच्या ‘आदिवासी जीवना’चेच अंग आहे.

लालबाग-परळच्या मुलांना हे कळावयास अवघड जाऊ नये. त्यांचे आजे-पणजे कोकणातून आणि घाटावरून गिरणीत आले, ते शेती पोट भरू देत नव्हती म्हणूनच. कित्येकांचे कुटुंब गावी असे आणि शेत मनीऑर्डरीवर तगून राही. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर अनेकांना पुन्हा त्याच शेताकडे वळावे लागले. शेत गावी आणि मजुरी शहरात, ही ओढाताण त्यांच्या घरचीच आहे.

याच मुंबईतून डोंगराकडे गेलेली एक निराळी वाटही आहे. दादरला शिशुविहार चालवणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीस गेल्या. वंचित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. पुढे १९५७ पासून कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. मूल जेथे असेल तेथे जायचे, हा साधा हिशेब त्यामागे होता. वीटभट्टीवरील मुलांसाठी विधायक संसदेने भोंगाशाळा काढल्या, त्याही याच हिशेबाने.

सहलींनी तो हिशेब उचलावा. शेती पाहावयाची तर जुलैत, लावणीच्या आठवड्यात जावे. प्राध्यापकांना चिखल आणि वेळापत्रक यांची अडचण वाटेल. पण राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरे होतातच, त्यांतील एखादे पावसाळ्यात घेता येईल. नवख्या हाताने लावलेले रोप वाकडे उभे राहते आणि घरधनिणीला ते पुन्हा लावावे लागते, म्हणून पहिले दोन दिवस मुलांनी रोपांच्या मुठी बांधापर्यंत वाहाव्यात, एवढे पुरे. राहण्याजेवणाचे पैसे मध्यस्थाकडे न देता थेट त्या घरात द्यावेत. पुढे त्या घरची मुले गिरगावात आली, तर त्यांना चौपाटीबरोबर विद्यार्थ्यांची घरेही पाहू द्यावीत.

आणि हिवाळ्यातच जावयाचे असेल, तर बस भिवंडीजवळच थांबवावी. भट्टीचे मालक अशी सहल आत येऊ देतील काय, हे एखाद्या महाविद्यालयाने या वर्षी विचारून पाहावे.