मिश्रीची डबी



वस्तीतल्या बैठकीत मिश्रीचा विषय निघाला की बाया तोंडाला पदर लावून हसतात. आम्हीही आधी व्याख्याने दिली, कर्करोगाची चित्रे दाखवली. डबी कमरेला आणखी खोल खोचली गेली, एवढेच.

ही सवय लागते कशी? लहानपणी दाढ दुखली म्हणून आईने तव्यावर भाजलेल्या तंबाखूची पूड बोटावर दिलेली असते. पुढे दाढ राहते बाजूलाच. पहाटे पोट साफ व्हावे, दुपारी भूक मरावी, कामावरून आल्यावर घटकाभर टेकता यावे, म्हणून बोट डबीत जाते. तंबाखूतले निकोटिन शरीराला पुन्हा पुन्हा ओढते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, गरोदर बाईच्या बाळाचे वजन कमी भरते.

रागावून मिश्री सुटत नाही. ती कोणत्या वेळी, कशासाठी लागते, हे तिलाच विचारू या. एकेक वेळ गाळू या. सुरुवातीला डोके दुखेल, चिडचिड होईल. तेव्हा गटातल्या दोघींनी सोबत राहावे.

आणि ते घटकाभर टेकणे? मिश्रीशिवायही तो तिचा हक्कच आहे. हे तिच्या घरात सांगायला आपण जाणार ना?